तान्ह्याचें पाणी
(नभोवाणीवरील भाषण)



चैत्र सरत आला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या, कीं पुण्यामुंबईकडे संसार थाटलेल्या लेकीसुना मुलाबाळांना घेऊन आपापल्या गांवीं येऊं लागतात. आमच्या धारूरलाहि या दिवसांत घरोघर अशीच वर्दळ असते. बीड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव बालाघाटच्या डोंगरमाथ्यावर वसलेलें आहे, आणि त्याची ओळख त्याच्या किल्ल्यावरून आहे. १५६७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहींतील सरदार किश्वरखान यानें हा किल्ला बांधला. लवकरच तो अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला, आणि १६३१ सालीं, दख्खनमध्यें घोर दुष्काळ पडलेला असतां, मोगलांनीं तो घेतला. पाहुणे येतात ते तटाबुरुजांचें कौतुक करतात. जाणतीं माणसें मात्र त्यांना आंतल्या पाण्याच्या सांठ्यांकडे घेऊन जातात. तट कितीहि रुंद असला तरी आंतलें पाणी सरलें कीं किल्ला सरला, हें बांधणाऱ्यांना पक्कें ठाऊक होतें.

आज मी किल्ल्याविषयीं बोलणार नाहीं. ज्या घरांत एक मूल तान्हें आहे आणि दुसरें नुकतेंच दुडदुडूं लागलें आहे, त्या घरानें वैशाखाचे दिवस कसे काढावेत, हा माझा विषय आहे. परंतु किल्ल्याची आठवण मीं उगीच काढली नाहीं. लहान मुलाचें शरीर हाहि एक छोटासा किल्लाच आहे; त्याचें सारें बळ त्याच्या आंतल्या पाण्यांत आहे, आणि तें पाणी कोठून येतें, कोठें जातें, याची दाद घरांतल्या मोठ्या माणसांनीं ठेवावयाची असते.

ही गोष्ट मी पुस्तकांतून शिकलें असतें तर बरें झालें असतें. मी ती एका चुकीवरून शिकलें. आणि ती चूक माझी स्वतःचीच असल्यामुळें सांगावयास संकोच नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझी सून एप्रिलच्या अखेरीस पुण्याहून आली. बरोबर दोन वर्षांचा नातू आणि चार महिन्यांची नात. पारा चाळीस अंशांच्या वर चढलेला. घरांत माणसें पुष्कळ, आणि कौतुक त्याहून पुष्कळ! नवें पाळणाघर म्हणून रस्त्याकडची सिमेंटच्या छताची खोली आम्हीं सजविली होती. नातीला नवें आंगडें-टोपडें घातलें होतें. शेजारणी येत, बाळ मांडीवर घेत, आणि एकीच्या मांडीवरून तें दुसरीच्या मांडीवर जाई. तिसऱ्या दिवशीं दुपारीं तें रडूं लागलें. मग रडणेंहि मंदावलें आणि तें मलूल होऊन पडलें. कोणी म्हणालें, दृष्ट लागली. कोणी म्हणालें, पोट धरलें असेल, गुटी उगाळा. मीं स्वतः वाटी-चमचा घेऊन पाणी पाजावयास बसलें होतें. तेवढ्यांत माझ्या थोरल्या जाऊबाईंनीं सुनेकडे पाहून विचारलें, "बाई, सकाळपासून तूं पाणी किती प्यालीस?"

सुनेनें आठवून पाहिलें. सकाळचा चहा, आणि नातवाच्या उष्ट्या पेल्यांतले दोन घोट. दुपारचे दोन वाजले होते.

आम्हीं बाळाला तसेंच डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तपासून, वेळेवर आणलेंत, असें सांगितलें, आणि मग शांतपणें आमच्या तीन चुका आमच्या पदरांत घातल्या. खोली तापलेली. बाळ गुंडाळलेलें. आणि आई तहानलेली. इतकी कीं घेरी येऊन पडून राहिली होती, आणि बाळाला अंगावर घेण्याच्या दोन वेळा चुकल्या होत्या. दहा माणसांच्या घरांत बाळाकडे नऊ जणांचें लक्ष होतें; बाळाचें पाणी जिच्या शरीरांतून येतें तिच्याकडे मात्र एकाचेंहि नव्हतें.

आतां या तिन्ही गोष्टी क्रमानें पाहूं. परंतु त्याआधीं थोडा हिशेब.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या वजनाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. सहा किलो वजनाचें, केवळ अंगावर पिणारें बाळ दिवसाकांठीं पाऊण लिटराच्या आसपास दूध पितें. म्हणजे आपल्या वजनाच्या आठव्या हिश्शाइतकें. साठ किलोच्या माणसानें याच मानानें प्यावयाचें म्हटलें तर त्याला रोज साडेसात लिटर लागतील! आवक जशी मोठी तशीच जावकहि मोठी. बाळाच्या वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार आपल्यापेक्षां पुष्कळ अधिक असतो, म्हणून भोंवतालची आंच त्याला लवकर लागते. शरीरांतलें पाणी वजनाच्या शेंकडा पांच या मानानें घटलें कीं मूल आजारी दिसूं लागतें. शेंकडा दहा घटलें कीं जिवावरचें संकट उभें राहतें. साठ किलोच्या माणसाच्या बाबतींत शेंकडा दहा म्हणजे सहा लिटर, जवळजवळ अर्धी बादली. सहा किलोच्या बाळाच्या बाबतींत तें एका लहान तांब्याइतकें पाणी झालें. मोठ्या माणसाला सावध होण्यास अर्ध्या बादलीची सवड मिळते. बाळाला एका तांब्याची मिळते.

हा तांब्या रिता होत आहे हें ओळखावें कसें? आपल्या घरांत याचीं दोन उत्तम मापें पूर्वींपासून आहेत. पहिलें माप म्हणजे वाळत घालण्याची दोरी. पहिला आठवडा उलटल्यावर पुरेसें दूध मिळणारें बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळां लघवी करतें, आणि ती रंगानें फिकी असते. म्हणून संध्याकाळीं दोरीवरचीं दुपटीं मोजावीं. तीं नेहमींपेक्षां कमी भरलीं, किंवा त्यांवर पिवळसर डाग दिसले, तर बाळाचें पाणी कमी पडत आहे असें समजावें. हल्लीं वापरून फेकून द्यावयाचे लंगोट आले आहेत. प्रवासांत ते सोयीचे खरे. पण ते सारें शोषून घेतात आणि हें माप आपल्या हातून जातें. निदान ऐन उन्हाळ्यांत घरीं असतांना जुनीं सुती दुपटींच बरीं.

दुसरें माप म्हणजे टाळू. आजी रोज सकाळीं तेल लावतांना बाळाची टाळू चांचपते. निरोगी बाळाची टाळू हाताला सपाट व मऊ लागते. शरीरांतलें पाणी घटलें कीं ती आंत खोल जाते. आपल्याकडे याला टाळू पडली असें म्हणतात, आणि ती वर आणण्याचे नाना उपाय करतात. वास्तविक टाळू पडलेली नसते. पाणी उतरलेलें असतें. तेलाचा हात रोज टाळूवरून फिरविणाऱ्या आजीच्या बोटांना हा फरक सर्वांच्या आधीं कळेल. मात्र कळल्यावर तिनें उपचार करीत न बसतां डॉक्टरांचें दार गांठावें. तोंड कोरडें पडणें, रडतांना डोळ्यांत अश्रू न येणें, डोळे खोल जाणें, हांक मारली तरी बाळानें मान न वळविणें, दूध ओढण्याचें त्राण न उरणें, या साऱ्या त्याच वाटेवरच्या खुणा आहेत. तसेंच तीन महिन्यांच्या आंतील बाळाचें अंग तापलें असेल, तर तो उन्हाळ्याचा प्रताप म्हणून सोडून न देतां त्याच दिवशीं दाखवावें.

मग बाळाला पाणीच कां पाजूं नये, असा प्रश्न कोणाहि प्रेमळ माणसाच्या मनांत येईल. माझ्या मनांत आलाच होता. त्याचें उत्तर असें, कीं आईच्या दुधाच्या शंभर भागांत सुमारें सत्याऐंशी भाग पाणीच असतें, आणि तें पाणी कोणत्याहि माठांतल्या पाण्याहून शुद्ध असतें. १९९१ सालीं दिल्लीच्या डॉक्टरांनीं या प्रश्नावर केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. ऐन उन्हाळ्यांत केवळ अंगावर पिणाऱ्या कांहीं बाळांना त्यांनीं वरचें पाणी दिलें, कांहींना दिलें नाहीं. ज्यांना दिलें नाहीं त्यांच्या शरीरांत पाण्याची तूट पडली नाहीं. वरच्या पाण्यानें दोन तोटे मात्र होतात. इवलेंसें पोट पाण्यानें भरतें आणि तितकें दूध मागें राहतें. आणि पाण्याबरोबर रोगजंतु पोटांत जाण्याची वाट मोकळी होते. म्हणून सहा महिने पुरे होईपर्यंत बाळास आईचें दूधच द्यावें, मात्र उन्हाळ्यांत अधिक वेळां द्यावें, हा जागतिक आरोग्य संघटनेचाहि सल्ला आहे. गुटींतल्या मधासंबंधींहि येथेंच सांगून ठेवतें. एक वर्षाच्या आंतील बाळास मध देऊं नये; त्यांत क्वचित् असणाऱ्या एका जंतूच्या बीजांपासून कोंवळ्या आंतड्यांत घातक विष तयार होऊं शकतें.

याचा अर्थ सरळ आहे. तान्ह्याच्या वांट्याचें पाणी तान्ह्यानें प्यावयाचें नसतें. तें त्याच्या आईनें प्यावयाचें असतें. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्या घरांतून निसटते. बाळंतिणीनें पाणी बेतानें प्यावें अशी समजूत कित्येक घरांत अजूनहि आहे. शिवाय सुनेनें सर्वांच्या मागून जेवावें, पाहुण्यांना आधीं सरबत द्यावें, हीं वळणें आहेतच. आईच्या शरीराचा स्वभावहि असा, कीं तें आपल्या वांट्याचें तोडून दुधाला देतें. त्यामुळें पाणी थोडें कमी पडलें तर दूध लगेच आटत नाहीं. आधीं आई आटते. तिचें डोकें दुखतें, तोंड सुकतें, घेरी येते, लघवी गडद पिवळी होते. हे सर्व हाल ती मुकाट्यानें सोसते, आणि बाळ गुटगुटीत दिसतें म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाहीं. शेवटीं ती थकून पडते तेव्हां आपण बाळाची दृष्ट काढूं लागतों.

यावर आम्हीं घरांत एकच नियम केला आणि तो आजवर पाळला. आई बाळाला पाजावयास बसली, कीं घरांत जें कोणी मोकळें असेल त्यानें तिच्या हाताशीं पाण्याचा भरला पेला नेऊन ठेवावा. तिनें मागण्याची वाट पाहूं नये. बाळ मांडीवर असतां तिला उठतां येत नाहीं, आणि माठ नेहमींच दुसऱ्या टोकाला असतो! उन्हाळ्यांत बाळ दिवसरात्रींतून दहा-बारा वेळां पितें. पाव लिटराचा पेला धरला तर अडीच-तीन लिटर पाणी कोणास जड न वाटतां तिच्या पोटांत जातें. भरीला ताक, लिंबाचें सरबत, कैरीचें पन्हें आहेच. तहान नसतां घागरी रिचविल्यानें दूध वाढतें असें मात्र नाहीं. आई तहानलेली राहूं नये, एवढाच या नियमाचा हेतु.

आतां खोलीकडे वळूं. आमच्या मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांना माळवद असतें. लांकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वीं तो नव्यानें दाबून घ्यावा लागतो. हा थर उन्हाला फार सावकाश आंत येऊं देतो. दिवसभराची आंच तळापर्यंत उतरावी तों सूर्य मावळलेला असतो. सिमेंटचें छत तसें नसतें. तें दुपारींच तापतें, आणि दिवसभर पोटांत घेतलेली उष्णता रात्रीं खोलींत सोडीत बसतें. पत्र्याचें छप्पर तर माध्यान्हीं चुलीसारखें होतें. मोठ्या हौसेनें सजविलेली आमची नवी खोली ही अशी होती. आणि आंतलें अंधारें, गार माजघर आम्हीं अडगळीसाठीं ठेवलें होतें! त्या दिवसापासून अडगळ पुढें गेली आणि पाळणा माजघरांत आला. प्रत्येकाच्या घरीं माळवद असणार नाहीं; पण प्रत्येक घरांत दुपारीं दोन वाजतां सर्वांत गार असलेली एक जागा असतेच. हातानें भिंत चांचपून ती शोधावी आणि ती बाळबाळंतिणीला द्यावी. पश्चिमेच्या खिडक्या सकाळीं दहाच्या आंत लावून घ्याव्यात आणि दिवस मावळल्यावर सगळ्या उघडाव्यात.

बालाघाटाची हवा उन्हाळ्यांत कोरडी असते, हा आपल्यावर निसर्गाचा उपकारच म्हणावयाचा. माठांतलें पाणी गार कां होतें? मातीच्या छिद्रांतून पाझरलेलें पाणी उडून जातांना आंतल्या पाण्याची उष्णता बरोबर नेतें. हवा जितकी कोरडी तितकें हें काम झपाट्यानें होतें. म्हणून जो माठ धारूरला पाणी गारेगार करतो तोच कोंकणांत निम्माहि करीत नाहीं. वाळ्याचा पडदा आणि कूलर हीं याच माठाचीं भावंडें. कूलर लावतांना समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलींत तो हवा दमट करतो, आणि मग घाम वाळत नाहीं. पंख्याचेंहि एक मर्म आहे. हवा चाळीस अंशांच्या वर तापली असतां नुसता पंखा अंगावर ऊनऊन वाराच फेंकतो. अशा वेळीं साध्या पाण्यांत मऊ फडकें पिळून मुलाचें अंग पुसावें आणि मग वारा घालावा. बर्फाचें पाणी वापरूं नये. त्यानें त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आंतली उष्णता आंतच कोंडते.

राहिले कपडे. कुंची आणि टोपडें हीं थंडीचीं लेणीं आहेत. तान्ह्या बाळाचें डोकें शरीराच्या मानानें मोठें असतें, आणि अंगांतली उष्णता बाहेर टाकण्याची तीच त्याची मुख्य वाट. ती वाट टोपड्यानें बंद करणें म्हणजे उन्हाळ्यांत धुराडें बुजविणें होय. एक सैल, पातळ, सुती झबलें पुष्कळ झालें. घरांत तेंहि नसलें तरी बिघडत नाहीं. माशा लागतात म्हणून पाळण्यावर जाड कापड टाकूं नये, जाळीदार मच्छरदाणी लावावी. कापडाखालची कोंडलेली हवा पाहतां पाहतां तापते. झोळी बांधलीत तर ती उथळ आणि दोन्ही बाजूंनीं मोकळी असावी. घामोळ्यांवर भुकटीचे थर देण्यापेक्षां दोनदां साध्या पाण्यानें अंघोळ आणि मोकळी हवा हा सुखाचा उपाय आहे.

तान्ह्याचें झालें, आतां त्याच्या थोरल्या भावंडाकडे पाहूं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाय फुटलेले असतात, पण तहान सांगण्याइतकी वाचा फुटलेली नसते. खेळण्याच्या भरांत त्याला तहान कळतहि नाहीं. त्याच्या पुढ्यांतून दर तासा-अर्ध्या तासानें पेला फिरवावा. एकदम भांडेंभर पाजण्याचा हट्ट नको, चार घोट पुरेत. अकरा ते चार या वेळांत त्याला अंगणांत सोडूं नये. फरशीचे चटके मोठ्यांना पादत्राणांतून कळत नाहींत, त्याच्या अनवाणी पायांना कळतात. या वयाच्या मुलाला दुपारीं कोंडून ठेवणें म्हणजे वारा मोटेंत बांधणें, हें मी जाणतें. आमच्या माजघरांत त्यासाठीं एक परात, दोन वाट्या आणि तांब्याभर पाणी, एवढा खेळ पुरतो. मात्र जवळ मोठें माणूस हवें, आणि खेळ संपतांच परात उपडी झाली पाहिजे.

हें मी मुद्दाम सांगतें. आमच्या भागांत पाण्याची ओढ नेहमींची. शेजारच्या लातूर शहराला २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपणांस आठवत असेल. अशा प्रदेशांत पाणी आलें कीं घरांतलीं सारीं भांडीं भरून ठेवावयाचीं, ही रीतच पडून जाते. पिंप, हौद, बादल्या, घंगाळें, कांहीं रितें म्हणून राहत नाहीं. दुडदुडणाऱ्या मुलाचें डोकें जड असतें. तें वांकून आंत पाहतें, तोल जातो, आणि डोक्यावर पडलेल्या मुलाला स्वतःला वर उचलतां येत नाहीं. वीतभर पाणी आणि दोन-चार मिनिटें एवढ्यांत सर्व संपूं शकतें. आवाजहि होत नाहीं. जें पाणी तहानेपासून वांचवावें म्हणून सांठविलें तेंच असें घात करतें. म्हणून भरलेल्या प्रत्येक भांड्यावर घट्ट झांकण हवें, रिकामी बादली उपडी हवी, आणि न्हाणीच्या दाराला उंचावर कडी हवी. आई तान्ह्याला पाजावयास बसते ती वेळ सर्वांत धोक्याची. तेव्हां थोरल्यावर डोळा ठेवण्याचें काम कोणाचें, हें घरांत ठरलेलें असावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें.

सांठविलेल्या पाण्याचा दुसरा उपद्रव म्हणजे हगवण. माठांत हात बुडवूं नये, लांब दांड्याच्या ओगराळ्यानें पाणी घ्यावें. मुलांना पाजावयाचें पाणी उकळून निववावें. इतकें करूनहि जुलाब लागले तर पहिलें औषध पाणी आणि मीठ-साखरच आहे. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धकाळांत बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची साथ आली. शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लूकोज यांचें मिश्रण पाण्यांत कालवून रोग्यांना तोंडानें पाजविलें. शेंकडा तिसांच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण हें पाणी मिळालेल्यांत शेंकडा चारांच्या आंत आलें. साखरेच्या सोबतीनें आंतडें मीठ व पाणी शोषून घेतें, हें त्यामागचें इंगित. तीच आजची जलसंजीवनी. तिचीं पाकिटें घरांत असावींतच. नसलीं तर उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हें माप नीट धरावें. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो. दोन वर्षांच्या आंतील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला चमच्याचमच्यानें पाजावें. ओकलें तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सावकाश द्यावें. आईचें दूध व नेहमींचें अन्न बंद करूं नये. तान्ह्याला जुलाब झाले, रक्त पडलें, किंवा मूल गुंगींत जाऊं लागलें, तर घरीं थांबूं नये. आमच्याकडून अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय जवळ पडतें. आणि वाहन नसेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. वाटेंतहि मुलाला पाजीत राहावें.

येथवर मीं आपल्या घरांतल्या आईविषयीं बोललें. पण या दिवसांत धारूरला आणखीहि आया परततात. दसरादिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे एक 'कोयता' म्हणतात. त्या नांवांत तिच्या कडेवरच्या लेंकराचा हिशेब नसतो. फडाच्या बांधावर झोळी बांधून तिनें हिवाळा काढलेला असतो, आणि कारखाने बंद पडले कीं ऐन उन्हाळ्यांत ती गांवीं येते. आपल्या घरीं भांडीं घासावयास, धान्य निवडावयास येणारी बाई यांपैकींच असूं शकेल. तिचेंहि तान्हें ओसरीच्या कोपऱ्यांत निजलेलें असतें. अक्षय्यतृतीयेला आपण पाण्यानें भरलेला मातीचा घट दान देतों. त्या दानाचें खरें पात्र पुष्कळदां आपल्याच ओसरीवर बसलेलें असतें. तीहि पाजावयास बसली म्हणजे तिच्यापुढेंहि न मागतां पेला यावा. नियम एकच आहे.

शेवटीं आमच्या घरांत हा नियम कोणीं चालविला तें सांगतें आणि आपली रजा घेतें. मोठी माणसें आठ दिवस उत्साहानें पाणी नेऊन देतात आणि नवव्या दिवशीं विसरतात. आमच्याकडे तें काम दोन वर्षांच्या नातवानें आपणहून उचललें. बहीण आल्यापासून त्याचें मन खट्टू होतें. आईची मांडी गेली, आणि जो तो त्याला "दूर हो, बाळ निजलें आहे" असें सांगे. एके दुपारीं मीं त्याच्या हातीं पितळेचें लहान फुलपात्र दिलें आणि म्हटलें, "जा, आईला पाणी नेऊन दे." तो दोन्ही हातांनीं तें धरून निघाला. अर्धें पाणी वाटेंत सांडलें, थोडें त्यानें स्वतःच पिऊन टाकलें, उरलेलें आईच्या ओंठांशीं नेलें. ती पीत असतां तो टक लावून पाहत होता. मग तो रितें फुलपात्र घेऊन धांवत माझ्याकडे आला, आणि त्यानें तें पुन्हां भरण्यासाठीं पुढें केलें.